हरळीवर मुरूम

“घास कहाँ है?” दिल्लीहून पाहणीला आलेल्या मॅडमनी विचारलं.

मी मैदानाकडं बघितलं. चार दिवसांपूर्वी इथंच उभा होतो तेव्हा ते हिरवंगार होतं. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मुरूम, त्यावर रोलर फिरवलेला. मधोमध पांढऱ्या फक्कीत भलंमोठं ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं.

शेजारी आमचे उपअभियंता साहेब हात बांधून उभे होते. मी काही सांगायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, “नीचे है मॅडम. पूरा घास नीचे है.”

मी तेव्हा बीड जिल्ह्यात क्रीडांगणांच्या कामावर शाखा अभियंता होतो. आता निवृत्त झालोय, म्हणून हे सांगता येतंय.

आपल्या देशानं फुटबॉलच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपद मागायचं ठरवलं होतं. अशा मागणीला बिड म्हणतात. बीडमध्ये बिडचं काम, यावर ऑफिसात जे विनोद झाले ते इथं सांगत नाही. मागणी करणाऱ्या देशाला एक जाडजूड दस्तऐवज द्यावा लागतो. स्टेडियम कुठं, हॉटेलं किती, विमानतळ किती लांब, सगळं त्यात असतं. सामने मोठ्या शहरांतच होणार. पण त्यात एक प्रकरण लेगसीचं असतं. म्हणजे स्पर्धा संपून पाहुणे गेल्यावर खेड्यापाड्यातल्या पोरांच्या हातात काय उरणार? त्यासाठी काही ग्रामीण मैदानं दाखवायची होती. निवड झाली तर कुंपण, बोअर, गवतावर पाणी शिंपडायची यंत्रणा आणि कायमचा कोच मिळणार होता.

आमच्या जिल्ह्यातून मी धारूरकडच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेचं मैदान सुचवलं. कारण एकच, तिथं गवत होतं. तेही हरळीचं. शेतकऱ्यापुढं हरळीचं नाव काढलं तरी कपाळावर आठी पडते. खणून खणून हात मोडतात, तरी ती पुन्हा उगवते. पण फुटबॉलसाठी तिच्यासारखं गवत नाही. बुटाखाली तुटत नाही, तुटली तरी भरून येते. मोठमोठ्या मैदानांवर हिच्याच जातभाईंना इंग्रजी नावानं मिरवतात.

शिवाय दर उन्हाळ्यात म्हाळू आबा आपली मेंढरं तिथं बसवायचे. आमच्याकडं शेतात मेंढरं मुक्कामाला बसवतात, लेंडीखत आपोआप पडतं. इथं शाळेनं ती मैदानात बसवली होती. पावसाळ्यातही मेंढरं येता-जाता चरत, म्हणून गवत एकसारखं आखूड राही. सरकारी एक रुपया न लागता तयार झालेलं जिल्ह्यातलं ते एकमेव मैदान.

तिथं शाळेच्या सुनीता मॅडम मुलींना फुटबॉल शिकवायच्या. अकरा मुली, बहुतेक ऊसतोड्यांच्या घरच्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याला निघतात. मुलींना गावात हंगामी वसतिगृहात ठेवता येतं, पण आई-बाप धजत नाहीत. मॅडम अकराच्या अकरा घरी गेल्या होत्या. “मैदान देशाच्या फायलीत जाणार आहे, बारा महिने खेळ चालेल. एवढं वर्ष पोर मागं ठेवा,” असं त्यांनी सांगितलं होतं.

पूजा ही टीमची कॅप्टन. तिचे वडील माझ्यासमोरच म्हणाले, “मॅडम, तुमच्या शब्दावर ठिवतो. मैदानाचं झालं तर पोर हितंच ऱ्हाईल. न्हाई झालं तर संगट न्यावं लागंल. फडात आमाला बी एक हात कमी पडतो.”

म्हणजे पाहणी नुसती मैदानाची नव्हती. एका बाईनं अकरा घरी दिलेला शब्द त्या मैदानावर उभा होता.

मला तीन दिवस संभाजीनगरला मीटिंगला जायचं होतं. जाताना साहेबांना बजावून सांगितलं, “मैदान आहे तसं ठेवा. कशालाही हात लावू नका.” साहेबांनी मान डोलावली. माझी चूक ही की मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं नाही.

कारण आमच्याकडची रीत ठरलेली. पाहुणा येणार म्हटलं की मुरूम. सभा असो, उद्घाटन असो, हेलिकॉप्टर असो, आधी टिपर येतात, मग रोलर येतो, मग फक्की पडते. विहीर बघायला कुणी आलं तर तीही मुरमानं बुजवतील.

मी साहेबांना बाजूला घेतलं.

“साहेब, हे काय केलंत?”

“अहो, दिल्लीची माणसं. त्यांना गवतातून चालवायचं का? साप-किरडू निघालं तर सस्पेंड कोण होणार, तुम्ही का मी?”

“पण ते गवतच बघायला आलेत!”

“मग आधी सांगायचं ना!”

दगडावर डोकं आपटावं तर तिथं दगडही उरला नव्हता, सगळा रोलरखाली दबला होता.

दिल्लीच्या मॅडमनी आपलं काम सुरू केलं. दोन मीटरवरून चेंडू सोडायचा आणि तो किती उसळतो ते मोजायचं. चांगल्या गवतावर तो मांडीपर्यंत येतो. आमच्या मुरमावर तो त्यांच्या छातीपर्यंत आला. त्यांनी तीन ठिकाणी मोजलं. तिन्ही ठिकाणी तेच. सुनीता मॅडम चेंडू वर-खाली होताना बघत होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात पूजा शाळेच्या बागेतून खुरपी घेऊन आली. तिच्या मागं बाकीच्या दहा जणी. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या मैदानात ओळीनं बसल्या आणि मुरूम खरवडायला लागल्या. बघता बघता चटईएवढी जागा मोकळी झाली. खाली हरळी होती. पिवळी पडलेली, दबलेली, पण होती.

“बघा मॅडम,” पूजा म्हणाली. “हाय का न्हाई?”

त्या मॅडमना मराठी येत नव्हती, तरी त्यांना कळलं. त्या खाली बसल्या, गवतावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मैं मानती हूँ बेटा. पर रिपोर्ट में वही लिख सकती हूँ जो नापा है.”

रिपोर्ट आला. मैदान अयोग्य, पृष्ठभाग कठीण. साहेबांनी तो वाचून फाइलला लावला आणि मला म्हणाले, “बघा, मजबुतीबद्दल तक्रार नाही.”

दसरा झाला. अकरातल्या पाच मुली आई-बापांबरोबर गेल्या. त्यांत पूजा होती. तिनं शाळेचे बूट धुऊन, आत कागद कोंबून मॅडमकडं परत दिले. तिचे वडील म्हणाले, “मॅडम, तुमचा शब्द खोटा न्हाई. पर मैदान कुटं दिसंना.”

पुढं काही महिन्यांनी कळलं की यजमानपद दुसऱ्याच देशाला गेलं. म्हणजे आमचं मैदान निवडलं असतं तरी ना कुंपण आलं असतं ना बोअर. फक्त गवत राहिलं असतं. तेवढंही आम्ही राहू दिलं नव्हतं. मला साहेबांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

उन्हाळ्यात म्हाळू आबा मेंढरं घेऊन आले. मुरूम बघून कपाळाला हात लावला.

“ह्यो मुरूम कामून टाकलाय? गवात मारायला?”

“पाहुण्यांसाठी, आबा,” मी म्हणालो.

“हरळी हाय ती. शेतकरी जलमभर मारतो, मरती का? तुमचा रोलर काय मारतो तिला! मेंढरं बसू द्या.”

महिनाभर मेंढरं बसली. खुरांनी मुरूम मोकळा झाला, लेंड्या पडल्या. सुट्टीत सुनीता मॅडम आणि उरलेल्या सहा जणींनी पाट्या भरभरून मुरूम बांधावर टाकला. एप्रिलमध्ये परत आलेल्या पाच जणीही त्यांना मिळाल्या. पोळ्याला मी गेलो तेव्हा मैदान परत हिरवं झालं होतं.

आणि मग साहेबांचं पत्र आलं. एका मान्यवरांचं हेलिकॉप्टर उतरणार आहे, तरी मैदानावर वाढलेले अनावश्यक गवत काढून मुरूम टाकण्याची कार्यवाही तात्काळ करावी.

पत्र दोनदा वाचलं. गवत चांगलं आहे, मुली खेळतात, हे लिहून उपयोग नाही हे मला एव्हाना कळलं होतं. मी नोकरीत पहिल्यांदाच धडधडीत खोटं लिहिलं. ‘सदर मैदानाखालून पिण्याच्या पाण्याची जुनी पाइपलाइन गेली असून रोलर फिरविल्यास ती फुटून गावाचा पाणीपुरवठा बंद पडेल.’

हेलिकॉप्टर दुसऱ्या गावात उतरलं. ती नसलेली पाइपलाइन आता तालुक्याच्या नकाशावरही आली आहे.

त्या दसऱ्याला पूजाचे वडील टोळीबरोबर निघण्याआधी शाळेत आले. मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. पायातली चप्पल काढून गवतावर चार पावलं चालले. “आता दिसतंय मैदान,” म्हणाले आणि पोरीची पिशवी वसतिगृहात ठेवून गेले.

नव्या अभियंत्यांना मी एवढंच सांगतो. मैदान वाचवायचं असेल तर साहेबांना गवताचं कौतुक सांगू नका. पाइपलाइन सांगा, आणि लेखी द्या.