सगळ्यात मागे रावसाहेब

डोंगरात जाणाऱ्यांकडे दोन गोष्टी साठत जातात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना मलम तरी असतं! आमचे किस्से मात्र हल्ली कुठूनही सुरू केले तरी रावसाहेबांपाशी येऊन थांबतात, आणि मग कुणालाच पुढे बोलवत नाही.

आम्ही संगमनेरचे चौघं. मी हार्डवेअरवाला, विलास विमा एजंट, सॅम्युएल सर शाळेत गणिताला आणि रावसाहेब एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. रविवार आला की जीप काढायची आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरात घुसायचं.

*

रावसाहेब कायम सगळ्यात मागे. "मागं मानूस असला की कुनी हरवत न्हाई," म्हणायचे.

कळसूबाईच्या शिडीवर एका पाहुण्या पोराने त्यांना विचारलं, "काका, अजून किती वेळ लागेल?"

रावसाहेब जागेवर थांबले. "बाळा, एसटीत आन् डोंगरात हा प्रश्न ड्रायव्हरला इचारायचा न्हाई!"

*

सॅम्युएल सरांची रविवारची प्रार्थना आमच्यामुळे बुडायची. त्यांच्या चर्चचे पाळक साहेब चिडून एकदा स्वतःच आमच्याबरोबर आले. रतनगडाच्या उतारावर त्यांचा पाय सटकला आणि ते घसरत थेट कारवीच्या झुडपात! बाहेर काढलं तर कपडे झटकत म्हणाले, "सर, वर्षभरात केली नाही एवढी प्रार्थना आज झाली."

"मग माझी हजेरी लावा," सर म्हणाले.

*

पुढे रावसाहेबांना फोटोंचा नाद लागला. दर वळणावर मोबाईल काढून उभे. "तुमी व्हा फुडं, फूल लई भारी हाय."

चहाच्या टपरीवर विलासने त्यांचा मोबाईल ओढून घेतला. फोटोत काय? माती, स्वतःचे बूट आणि अंगठा. पुन्हा अंगठा! आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली आणि ती थांबेचना. फोटो कसले, ते दम खात उभे राहायचे. विलासने मोबाईल गुपचूप त्यांच्या खिशात ठेवला.

*

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय फार कमकुवत झालंय. चढ कायमचा बंद, घरातला जिनासुद्धा जपून.

रावसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, उतार चालंल का?"

डॉक्टर हसले. सोबत आलेल्या वहिनी हसल्या नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी रावसाहेबांचे बूट उचलले आणि गव्हाच्या कोठीत पुरून ठेवले. वहिनींचं चुकलं असं मी कसं म्हणू? पण डोंगर सुटल्यावर रावसाहेब ओट्यावर नुसते बसून असत. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी. ते बघायला जायचं आमच्या जिवावर यायचं.

*

मागच्या हिवाळ्यात पाबरगडाला निघालो तर रावसाहेब चौकात चपला घालून हजर! "पायथ्यापतुर येतो फकस्त."

तेवढ्यात वहिनींचा फोन. "भाऊजी, जाऊ द्या त्यांना. पन वर चढाया लागले तर मला फोन करत बसू नका, वाटंत आडवे व्हा."

पायथ्याला हिराबाईंचं घर. आम्ही नेहमी तिथेच जेवतो. त्यांच्या अंगणातल्या खाटेवर रावसाहेब बसले. "जावा तुमी," म्हणाले. "पन मागं कोन ऱ्हानार ते ठरवा."

ते काही ठरलं नाही. पहिल्या चढावर तिघंही एकमेकांच्या बरोबरीने चालत होतो. मागे वळून पाहिलं की खाली ती खाट दिसायची आणि मान वर करून बसलेले रावसाहेब. ते खाटेवरून उठत नव्हते, हात करत नव्हते, नुसते बघत होते. विलास मटकन खाली बसला. "मला नाही जमत रे," म्हणाला. कुणालाच जमत नव्हतं.

आम्ही परत अंगणात आलो. सॅम्युएल सर आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. तेच पुढे झाले. "वर फार धुकं आहे, रावसाहेब. काहीच दिसत नाही."

डोक्यावर निळंशार आभाळ होतं. उन्हात गडाचा दगड न् दगड मोजता आला असता.

रावसाहेबांनी कपाळावर हात धरून बराच वेळ वर पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "पाऊस बी यील आता." आणि सरकून त्यांनी आम्हाला खाटेवर जागा केली.

हिराबाई दारातून ऐकत होत्या. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा रावसाहेबांकडे, आणि अंगणात वाळत घातलेला भात भराभर गोळा करायला लागल्या.