पाच टॅब आणि एकच मेतकूट

कुठलाही टॅब दाबला तरी मेतकूटच उघडत होतं. लोणचं दाबलं, मेतकूट. भाजणी दाबली, मेतकूट. चार वाजायला वीस मिनिटं होती आणि चारच्या आत लेकीला ते वेबपान एका कंपनीला पाठवायचं होतं.

तिची नोकरी गेली होती, त्यामुळे इथे राहून काम करायचा पास रद्द झाला होता. महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर आम्हा दोघींना सिंगापूर सोडावं लागणार होतं. त्यातले वीस दिवस संपले होते. त्या कंपनीने परीक्षा म्हणून हे काम दिलं: वर पाच टॅब, जो दाबाल त्याचाच मजकूर खाली दिसला पाहिजे. मजकूर कसलाही चालेल म्हणाले, म्हणून तिने माझ्या पाच पदार्थांच्या कृती घातल्या.

मला एका जागी बसवेना. क्लेमेंटी भागातला आमचा फ्लॅट तो केवढा! ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. बाहेर बांबूवरचे कपडे ओलेच होते. ते आत घेतले, परत टाकले.

"आई, बस ना एका जागी. डोकं फिरतंय माझं."

"ते आधीच फिरलंय. सारखं मेतकूट काय दाखवतेस?"

"अगं, दाबलेल्या टॅबचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. डबा समज. डब्यात जे नाव असेल त्याचा मजकूर शोधायचा आणि दाखवायचा. इतकं साधं आहे!"

"नाव डब्यात ठेवतेस कधी?"

"पान उघडलं की लगेच."

"तेव्हा कोणी काही दाबलेलं असतं?"

"नाही. तेव्हा पहिलाच टॅब उघडा असतो."

"मग डब्यात त्याचंच नाव राहणार. पंगतीत पहिल्याला विचारलंस आणि अख्ख्या रांगेला तेच वाढत सुटलीस. तुला वाढायला कधी आलंच नाही."

नाव डब्यात ठेवायची वरची ओळ उचलून तिने खाली नेली, टॅब दाबल्यावर काय करायचं ते लिहिलं होतं तिथे. लोणचं दाबलं. लोणचं आलं.

यात माझी हुशारी नाही. मी चौथी शिकलेली, संगणकाला हात लावत नाही. पंगती मात्र खूप वाढल्यात.

चारला पाच कमी असताना पान गेलं. मग आठवडाभर काही कळेना. मी दोघींच्या बॅगा दोनदा भरल्या, दोनदा उपसल्या. नवव्या दिवशी फोन आला. नोकरी मिळाली, पुढे नवा पासही झाला.

पान पाठवलं त्या दुपारी चूक शोधायला घरात तिसरं कोणी नव्हतं. मी होते आणि माझी लेक होती.