गळा सुतात

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडावर कात्री चालवणारे. गणवेश शिवून देणाऱ्या त्या दुकानात त्यांनी तीस वर्षांत पाच हजार माणसांची मापं घेतली, आणि त्यांत सरळ खांद्यांचा एकही माणूस त्यांना सापडला नाही. हा त्यांचा आवडता विनोद होता. दुकानातली माणसं तो दर आठवड्याला ऐकून हसत, कारण त्यांचे कपडेही मास्तरच कापत.

मास्तरांच्या वह्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ होती: उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. त्या त्या माणसाचा कागदी नमुना भिंतीवर खिळ्याला टांगलेला. सगळी मापं इंचांत, फक्त गळा सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. कंबर एक इंच चुकली तर पट्टा आहे, गळा चुकला तर माणूस दिवसभर शिंप्याला शिव्या घालतो, हे त्यामागचं शास्त्र. वहीत मात्र ‘सूत’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवायला मास्तर काही कारकून नव्हते.

मुलीला त्यांनी फितीला हात लावू दिला नाही. लहानपणी तिने फीत उचलली की ते ती काढून घेत आणि हातात पुस्तक देत. मुलगी शिकली, आकडेच शिकली, आणि शिकूनसवरून एक दिवस त्याच दुकानात यंत्र घेऊन आली. करावं तसं भरावं म्हणतात, ते असं. दुकानात मला मास्तर म्हणायचं, असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. ती तसंच म्हणू लागली, याचाही त्यांना राग आला.

मालकांनी तिला परीक्षेपुरतं घेतलं होतं. एका बस कंपनीच्या दोनशे चालकांचे कोट शिवायचे होते. तिने मास्तरांच्या साऱ्या वह्या संगणकात भरल्या. मास्तरांनी नेहमीसारखं घेतलेलं नव्या चालकाचं माप दिलं की यंत्र वह्यांतला त्याच्या सर्वांत जवळचा माणूस शोधणार, आणि त्या माणसाचा नमुना खिळ्यावरून उतरणार. नव्याने काही आखायला नको. पहिले सहा कोट सोमवारी मालक चालकांच्या अंगावर बघणार होते. जमलं तर मास्तर घरी, फसलं तर मुलगी घरी. घर एकच होतं, हा भाग वेगळा.

जवळचा म्हणजे कसा, असं मास्तरांनी एकदा विचारलं होतं. तिने कागदावर दाखवलं. दोन माणसांच्या छातीच्या मापांतला फरक घ्यायचा आणि त्याचा वर्ग करायचा. तसंच कंबरेचं, तसंच सगळ्याचं. मग बेरीज करून वर्गमूळ काढलं की दोन माणसांमधलं अंतर निघतं. यंत्राला नाव लागत नाही, गाव लागत नाही, नुसते आकडे लागतात. आपण तीस वर्षं डोळ्यांनी हेच केलं, असं मास्तर म्हणाले. तिने मान हलवली, म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतात तशी.

शनिवारी सहा कोट शिवून टेबलावर आले. मास्तरांनी पहिला उचलला. एका ढेरपोट्या चालकाला यंत्राने कुण्या ताडमाड, वाळक्या पोस्टमनचा नमुना बहाल केला होता. बटणं लागणं या जन्मी शक्य नव्हतं. दुसरा कोट ज्याचा, तो काटकुळा चालक त्यात बायकोसकट मावला असता. मास्तरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग सवयीने त्यांनी कॉलर मोजली. बरोबर होती. दुसरी मोजली, तीही बरोबर. सहाच्या सहा गळे अचूक होते, आणि मास्तरांचा आनंद तिथेच बसला.

त्यांना कळलं. गळ्यातला अर्धा इंच म्हणजे चार सूत, चाराचा वर्ग सोळा. छातीतले तीन इंच म्हणजे नऊ. यंत्राच्या लेखी अर्ध्या इंचाच्या गळ्यापुढे तीन इंचांची छाती किस झाड की पत्ती. एवढी वर्षं सगळ्यांना गळ्याचं महत्त्व सांगितलं, ते शेवटी पटलं कुणाला, तर त्या डबड्याला.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हे काही पाप नव्हे, कुणी विचारलंही नव्हतं. मास्तरांनी डबा खाल्ला, कात्रीला धार लावली, आणि धार लावलेल्या कात्रीला पुन्हा धार लावली. पलीकडे मुलगी पडद्याकडे बघत नखं खात होती. कोट तिनेही पाहिले होते. लहानपणी निकालाच्या दिवशी ती अशीच बसायची. मास्तरांना तिचा राग होता, अगदी खरा राग, आणि पोटात तुटतही होतं. त्यातलं जास्त कुठलं, हे त्यांना ठरवता येईना.

“गळा सुतात आहे,” ते कात्रीकडे बघत म्हणाले. “आठाने भाग त्याला.”

ती गर्रकन वळली. “हे आत्ता सांगताय?”

“तू विचारलंस कधी?”

तिने रविवार दुकानात काढला आणि नव्या नमुन्यांवर सहाही कोट पुन्हा शिवून घेतले. सोमवारी सहाही कोट बसले. मालकांनी मुलीला कायम केलं, आणि यंत्राचं डोकं माणसापेक्षा तल्लख असतं, असं मास्तरांनाच ऐकवलं. निरोपाचा म्हणून त्यांना एक कोट द्यायचं ठरलं, अर्थात यंत्राने निवडलेल्या नमुन्याचा. पण वह्यांत मास्तरांचं स्वतःचं माप नव्हतंच. तीस वर्षांत त्यांना कुणी फीत लावली नव्हती. मग मुलीने ती हातात घेतली. तिने उलटी धरली होती, मास्तरांनी सुलटी करून दिली आणि हात वर करून उभे राहिले.

निरोपाच्या दिवशी त्यांनी कोट चढवला. खांदे बसले, बाही बसली. मास्तर आरशापुढे इकडून तिकडून वळत खोट शोधत राहिले. मुलीने कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. एकच गेलं, त्यांच्या नियमाप्रमाणे.

“गळा एक सूत ढिला आहे,” मास्तर म्हणाले.

तिने फीत लावली. ढिला नव्हता. आकडा दोघांनीही पाहिला.

“लिहून ठेवते, बाबा,” ती म्हणाली. मास्तरांच्या ओळीत तिने गळा एक सूत कमी लिहिला, आणि आकड्यापुढे ‘सूत’ असं स्वच्छ अक्षरात घातलं.