गोरेगावच्या ब्रिजखाली

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे मला तोंडपाठ आहे. बोरिवलीहून अंधेरीकडे निघालं की मागाठाणे, मग कांदिवलीचा आकुर्ली रोडचा नाका, कुरार, दिंडोशी आणि मग गोरेगावचा ब्रिज. इथे रस्ता फुटतो. ज्यांना घाई असते ते उजवीकडून ब्रिजवर चढतात आणि सिग्नलचं तोंडही न बघता थेट जोगेश्वरीच्या दिशेला उतरतात. ज्यांचं आरेच्या नाक्यावर काही काम असतं, ते डावीकडून खाली, सिग्नलला. मी आरेच्या बाजूला राहते, म्हणजे मी खालची.

माझी मैत्रीण पूर्वी आमच्याच बिल्डिंगमध्ये होती, समोरच्या दारात. तिची मुलगी अर्धीअधिक माझ्याकडेच वाढली. मग त्यांनी बोरिवलीला घर घेतलं आणि गाडीही घेतली. लायसन्स मिळालं, पण हायवे म्हटलं की बाईच्या हातापायाला कापरं भरायचं. मला गाडी येत नाही, पण वीस वर्षं याच हायवेवर स्कूटर हाकलीय. म्हटलं, चल, मी बसते शेजारी. लागोपाठ आठ-दहा रविवार मी तिला घेऊन बोरिवली ते अंधेरी केलं. ट्रक आला की अंग चोरू नकोस. दिंडोशी मागे पडली की डावी लेन धर, ब्रिज दिसेपर्यंत थांबलीस तर कुणी आत घेत नाही. ती रडायची, मला शिव्या घालायची, पण शिकली.

मग पाच वर्षं रोज सकाळी सव्वाआठला ती मला ब्रिजखालून उचलायची. मागे तिच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या दोघी असायच्या. चौघींची ऑफिसं वेगवेगळी, पण सगळी अंधेरीच्या एमआयडीसीतच. पुढची सीट माझी. हसणं, खाणं, सासवांची निंदा, सगळं अंधेरी येईपर्यंत उरकायचं. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला वेळ होता, हे मी कबूल करते.

गेल्या वर्षापासून खालचा सिग्नल फार वाईट झाला. मेट्रोतून उतरणारी माणसं, आडव्यातिडव्या रिक्षा, आरेतून येणाऱ्या गाड्यांची रांग. एक सिग्नल सुटता सुटायचा नाही. एकदा ती म्हणाली, "यार, तुझा हा सिग्नल म्हणजे डोक्याला शॉट आहे." आम्ही चौघीही हसलो. सगळ्यात जास्त मीच हसले.

मग सुट्ट्या सुरू झाल्या. आज गाडी सर्व्हिसिंगला. आज घरूनच काम. आज सासूबाईंचा गुडघा. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. मी मुकाट मेट्रोने जायचे. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी मी निरगुडीचं तेल करून पाठवलं. एकदा तिला ताप होता म्हणून शनिवारी पेज आणि मेतकूट घेऊन बोरिवलीला गेले. बाई शाल पांघरून सोफ्यावर. मला बघितल्यावर खोकली. मी तिचं कपाळ चेपून दिलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी मी कुरारला होते, आईकडे. तिला बरं नव्हतं म्हणून आदल्या संध्याकाळी तिथेच राहिले. सकाळी मेसेज आला: आज परत ताप आलाय गं, सुट्टी टाकलीय. मी "आराम कर" लिहिलं. आईने विचारलं, "आज तुजी गाडी येवची नाय?" म्हटलं, नाही, तिला ताप आहे. आई म्हणाली, "सारको कसो ताप येता गो तिका?" आईला असल्या शंका फार, म्हणून मी लक्ष दिलं नाही. रिक्षा केली आणि हायवेला लागले.

दिंडोशीला गाड्या मुंगीच्या गतीने चालल्या होत्या. पुढे उजव्या लेनमध्ये एक पांढरी गाडी. मागच्या काचेवर आमच्या गावच्या देवीचा स्टिकर, जो मीच आणून दिला होता. आधी वाटलं, नवऱ्याने काढली असेल गाडी. तेवढ्यात आमची रिक्षा सरकत तिच्या डाव्या बाजूला आली. स्टिअरिंगवर ती. मागे त्या दोघी. आणि पुढची सीट रिकामी. त्या सीटवर तिची पर्स ठेवलेली होती. माझ्या जागी दुसरी कुणी बसलेली असती ना, तरी मी समजून घेतलं असतं.

मी फोन लावला. डॅशबोर्डवर तिचा मोबाईल उजळलेला मला दिसला. तिने बघितलं, पण उचलला नाही. मागच्या एकीने पुढे वाकून तो घेतला. मैत्रीण रस्त्यावरची नजर न काढता काहीतरी बोलली, मागचीने टाईप केलं, आणि माझ्या हातातला फोन थरथरला. "झोपलेय गं, नंतर बोलते." शेवटी एक लाल बदाम.

"मॅडम, ऊपर से लूँ या नीचे से?" रिक्षावाल्याने विचारलं. पांढरी गाडी ब्रिजवर चढून दिसेनाशी झाली. मी म्हटलं, नीचे से.

खाली सिग्नलला आम्ही चांगलेच अडकलो. डोक्यावरून गाड्या धडधडत जात होत्या. खाली उभं राहिलं की वरून कोण गेलं ते दिसत नाही. नेहमीच्या जागी उभी राहून "आज येत नाही" वाचत होते, तेव्हा कितीदा ती माझ्या डोक्यावरून गेली असेल, देव जाणे. तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, सांगायचं ना! सिग्नलचा वैताग येतो, एवढंच सांगायचं. मी दिंडोशीपर्यंत चालत आले असते. रोज आले असते. पण हिने केसाने गळा कापला, आणि तोही दहा मिनिटं वाचवायला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मी विचारलं, "ताप उतरला का गं?" मुद्दामच विचारलं. म्हटलं, अजून संधी आहे, बोलेल.

"हो गं, दुपारपर्यंत पडूनच होते. उद्या येते, उभी राहा."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला ती खरंच आली. हात लांबवून तिने आतून माझ्यासाठी दार उघडलं. पर्स आता तिच्या मांडीवर होती. मी बसले नाही. दार धरून म्हटलं, "उद्यापासून वरूनच जा. काल गेलीस तशी. मला कसं कळलं ते विचारू नकोस."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. चुकलं म्हणाली असती तर मी बसले असते. खरं सांगते, रडली असती, उलट माझ्यावर ओरडली असती, तरी बसले असते. मी तशीच दार धरून वाट बघत राहिले. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली.

ती मागे वळली आणि त्या दोघींना म्हणाली, "हिला कुणी सांगितलं?"