छताला टांगलेल्या वाकळा

लोहाऱ्यात शेतकरी बायकांच्या कंपनीला नवं ऑफिस मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवली ती शिवलीला. दहा वर्षं तिनं पत्र्याखाली घाम पुसत चौकशीचं टेबल सांभाळलं होतं. आता उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या, भर दुपारीही दिवा लावायला नको की पंखा नको. छताचं काँक्रीट मुद्दाम उघडं ठेवलेलं, त्यानं म्हणे गारवा टिकतो. आणि खरंच टिकत होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण ती इमारत भलतीच बोलकी निघाली. एकानं खुर्ची सरकवली की हॉलभर खुर्च्या सरकायच्या. शिवलीलाचा डावा कान लहानपणीच अधू झालेला. जुन्या ऑफिसात भिंतींना बियाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या असायच्या, तिथं तिचं एका कानावर झकास भागत होतं. इथं समोरच्या बाईचं बोलणं छताला जाऊन परत यायचं आणि तिच्याच पुढच्या वाक्यात कालवलं जायचं. दिवसभर शिवलीलाच्या तोंडी एकच, "काय म्हणालात?"

बायका मग ओरडून बोलू लागल्या. अळी पडली हे ओरडून सांगता येतं, पण सगळंच कुठं येतं? एक दिवस जेवळीच्या उमाबाई आल्या, बचत गटाच्या अध्यक्ष. पिशवीतनं एक बाटली अर्धी वर काढून त्या खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. शिवलीलानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा उमाबाईंनी हॉलभर नजर फिरवली, बाटली आत ढकलली. "काय न्हाय गं, पुन्हा येते," म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी शिवलीलाला जेवण गोड लागलं नाही.

मॅनेजर राजशेखर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मनाचा चांगला. त्यानं चांगुलपणानंच सांगितलं, "ताई, दिवाळीनंतर तुम्ही गोदामाचं बघा. टेबलावर दुसरं कुणी बसवू." हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. माणसांचं ऐकून घेणं एवढं एकच काम तिला मनापासून येत होतं, आणि गोदामातली पोती काही बोलत नाहीत.

हातावर हात धरून बसणारी ती नव्हे. घरच्या चार घोंगड्या आणून तिनं खिडक्यांना लावल्या. घुमणं जरासं कमी झालं, पण वारं बंद, उजेड बंद. बारा वाजायच्या आत सगळे पंखे आणि दिवे सुरू. "ताई, मग आपला पत्राच काय वाईट होता?" राजशेखर म्हणाला. तिनं घोंगड्या काढून घरी नेल्या.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही इकडची रीत. शिवलीलाच्या गल्लीत पिठाच्या गिरणीशेजारच्या मोकळ्या जागेत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर अख्ख्या गल्लीच्या वाकळा, एकीमागं एक. जुन्या लुगड्यांचे थर शिवलेल्या त्या जाड वाकळांच्या मधून ती आपली वाकळ उलटायला गेली आणि थबकली. गिरणी चालू होती, पण तिची घरघर दूर गेल्यासारखी वाटत होती. वारं मात्र दोन रांगांमधून सरळ तोंडावर येत होतं. ती बाहेर आली, पुन्हा आत गेली. बायका हसल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजशेखरही हसला. "ऑफिसात वाकळा वाळत घालायच्या व्हय?"

"आठ दिवस बघा. न्हाय जमलं तर मी आपण होऊन गोदामात जाते."

नागप्पा मिस्त्रीनं छताखाली तारा ओढल्या, वाऱ्याच्या दिशेनं. बायकांनी जुन्या, धुतलेल्या चाळीस वाकळा आणल्या. त्या उभ्या टांगल्या, डोक्याच्या बऱ्याच वर. खिडक्या मोकळ्या, मधून छतही उघडं. राजशेखरनं मुद्दाम खुर्ची सरकवली. एकच सरकली.

सातव्या दिवशी उमाबाई आल्या. वर वाकळांकडे बघितलं, त्यांतली एक त्यांच्या गटाची होती. मग बसल्या आणि बाटली टेबलावर ठेवली.

"पोरी, यावरचं वाचून दाखव. मला सही तेवढी येती, वाचाया येत न्हाय. गटाला ठावं न्हाय," त्या पुटपुटल्या.

शिवलीलाला शब्द न् शब्द ऐकू आला. हरभऱ्याच्या बियाण्याला औषध किती आणि कसं चोळायचं, ते तिनं तितक्याच हळू वाचून दाखवलं. मग म्हणाली, "मावशी, बुधवारी गर्दी नसती. तुम्ही या, मी पाटी आणते."

उमाबाईंनी मान हलवली आणि पदर सावरून उठल्या.

राजशेखर चार हातांवर बसला होता. "ताई, काय काम होतं त्यांचं?"

"तुम्हाला ऐकू गेलं न्हाय?"

"न्हाय."

"मला गेलं," शिवलीला म्हणाली आणि तिनं पुढच्या बाईला बोलावलं.