मध्ये घातलेला हात

“मी फोम कापत होतो आणि ह्याने मध्येच हात घातला.”

हे वाक्य मी रिक्षात तयार केलं. शेजारी माझा मित्र बसला होता. त्याच्या उजव्या हाताला स्वयंपाकघरातला नॅपकिन गुंडाळलेला, आणि नॅपकिनमधून रक्त मांडीवर, मांडीवरून खालच्या रबरी चटईवर. केबिन रोड नेहमीसारखा तुंबलेला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “सीट खराब मत करना, भाई.” मी ते वाक्य मित्राला हळूच म्हणून दाखवलं. त्याने पुढे बघतच मान हलवली.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. संध्याकाळी त्याच्या बायकोलाही, म्हणजे वहिनींना, तेच. पुढे दोन वर्षं ते वाक्य खरं म्हणून चाललं. फोम कोणी कापत नव्हतं. मी त्याच्या तळहातात कटर मारला.

आम्ही दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले, एकाच सोसायटीतले. दर रविवारी दुपारी त्याच्या आतल्या खोलीत स्टुलांवर एक जुना दरवाजा आडवा टाकून आम्ही लढाया खेळायचो. बोटभर उंचीचे सैनिक, फासे, मोजपट्टी. लढाईची जमीनही आम्हीच बनवायचो. फोमचे फूटभर चौकोन, कुठलीही कड कुठल्याही कडेला जुळेल असे, म्हणजे दर वेळी मांडणी बदलली की नवं रणांगण. खाडी, खारफुटी, मिठागरं, सगळं आमच्या आसपासचंच. खारफुटीची मुळं वायरमधल्या तांब्याची. चिखल म्हणजे चहाचा चोथा, बाल्कनीत पेपरवर वाळवलेला. कापाकापी माझी, रंगकाम त्याचं.

तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता, सिरॅमिकचे दात बनवायचा. हिरडीपाशी पिवळट, टोकाला जवळजवळ काचेसारखा, असा एकेक दात तो बारीक ब्रशने रंगवायचा. रविवारी तोच हात आमच्या मेलेल्या सैनिकांवर चालायचा. फाटलेलं पोट, खांद्यातून बाहेर आलेलं हाड. ताजं रक्त चकचकीत, सुकलेलं तपकिरी, कडेला काळपट. लोक त्याच्या मेलेल्यांचे फोटो मागायचे. माझी जमीन त्या फोटोंत खाली कुठेतरी असायची.

माझं लग्न टिकलं नव्हतं. मी ताटं भिंतीवर मारायचो. भिंतीवरच मारतो ना, असं स्वतःला सांगायचो. एकदा ताट भिंतीवर गेलं नाही. एवढं पुरे.

तर त्या दिवशी माझा सरदार मरणाच्या दारात होता. मला सहा हवा होता. मी फासा टाकला आणि तो मिठागराच्या बांधाला टेकून तिरका थांबला. वर सहा दिसत होता. अशा तिरक्या फाशावर दुसरा फासा ठेवून बघायचं. टिकला तर आकडा धरायचा, घसरला तर पुन्हा टाकायचं. हा नियम मीच आणलेला. त्याने वर फासा ठेवला. घसरला.

“परत टाक.”

“तू बोट लावलंस.”

“आयला, बोट कुठे लावलं? रड्या आहेस तू, एक नंबरचा रड्या.” माझा फासा उचलून त्याने उघड्या तळहातावर माझ्यासमोर धरला. “घे. बायको गेली, आता सरदारपण चालला. काय रे तुझं नशीब!”

हा विनोद त्याने आधीही केला होता आणि मी हसलो होतो. त्या दिवशी कटर हाताशी होता, पातं बाहेर काढलेलं. मी वरून खाली मारला. फासा उडाला. पातं हाडाला लागून थांबलं आणि मी मनगट फिरवलं. मारलं ते रागात, असं म्हणता येईल. फिरवताना मी काय करतोय ते मला कळत होतं. पात्याचा तुकडा आत मोडला.

तो ओरडला नाही. गर्दीत कुणाचा पाय पडल्यावर म्हणतात तसं म्हणाला, “अरे.”

तुकडा काढला, नसा शिवल्या. पण तर्जनी पुन्हा वाकली नाही आणि अंगठ्याला लागलेलं कळेना. वहिनी त्या दिवशी डोंगरीला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. त्या यायच्या आत मी खोलीत परत आलो. मिठागरावर रक्त सांडलं होतं. त्यावर पांढरा रंग दिला, तर तपकिरी वर आलं. मग प्रायमर लावला, पुन्हा पांढरा दिला. मीठ हुबेहूब दिसायला लागलं.

लॅबची नोकरी गेली. वहिनी दिवसभर शाळेच्या ऑफिसात आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायला लागल्या. घरी आल्या की त्यांचं सुरू व्हायचं. “चालत्या कटरमध्ये हात घालायची काय गरज होती? कुक्कुलं बाळ आहात? खेळण्यांपायी हात घालवला माणसाने!” माझ्या हातात चहा देत विचारायच्या, “भावजी, तुम्हीच सांगा, शहाणा माणूस असा मध्ये हात घालेल?”

“नाही, वहिनी,” मी म्हणायचो.

तो बिस्किट बुडवत बसायचा. एकदा एकटे असताना मी त्याला म्हटलं, सांगून टाक वहिनींना. तो डाव्या हाताने एका सैनिकाचे बूट रंगवत होता. म्हणाला, “सांगून बोट वाकणार आहे का? आणि मग रविवारी मी खेळू कोणाशी?”

हे असंच चाललं असतं. मी चालवलं असतं.

यंदा एका रविवारी तो स्वयंपाकघरात पापड तळत होता, मी आत फोमचे चौकोन मांडत होतो. तव्यावर कातडं जळावं तसा वास आला. वहिनींचा आवाज आला, “अहो, हात! हात काढा!” मी धावत गेलो. कढईच्या कानावर त्याचा अंगठा टेकलेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. दचकून त्याने कढई सोडली. तेल ओट्यावरून वहिनींच्या पावलावर आलं. त्या किंचाळल्या आणि हातात होता तो चिमटा त्यांनी त्याच्या त्या हातावर मारला. एकदा नाही. “मेला हा हात! मेला! मध्ये घालायला होता ना? घाला! घाला मध्ये!” अंगठ्याची साल निघून आली होती. तो हात मागे घेत नव्हता. शाळेत छड्या खाताना धरतात तसा पुढे धरून उभा होता.

“वहिनी, त्याने हात मध्ये घातला नव्हता,” मी म्हणालो. “कटर मी मारला. भांडणात, मुद्दाम.”

चिमटा वरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “खरं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्याने मान खाली घातली.

“दोन वर्षं मी ह्यांना रोज फाडून खाल्लं,” त्या म्हणाल्या. “रोज. आणि तू चहा पीत ऐकत होतास?”

पहिल्यांदाच तू. मग चिमटा माझ्या तोंडावर आला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त गेलं. तिथून त्या नवऱ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही? तुम्ही मला काय करून ठेवलंत?” भाजल्या पायाने लंगडत त्या आत गेल्या आणि त्यांनी लाथेने तो दरवाजा स्टुलांवरून पाडला. सैनिक पायाखाली मोडत होते. फोम मोडताना काहीच आवाज येत नाही. मित्र चौकटीत उभा राहून बघत होता. “ते नको, अगं, ते नको,” एवढंच म्हणत होता.

त्याच अवस्थेत त्यांनी आम्हा दोघांना चौकीत नेलं.

हवालदाराने आधी मित्राला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, मीच मध्ये हात घातला. चूक माझी.” हवालदाराने माझ्या भुवईकडे पाहिलं. “आणि हे कोणी केलं?”

मी पडलो असं म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

“मी मारलं,” वहिनी म्हणाल्या. “चिमट्याने. ह्यांचा हातही आज मीच फोडलाय. दोन्ही लिहा.”

त्याने लिहिलं. मग मी सांगितलं. फासा, विनोद, कटर, फिरवलेलं मनगट, रिक्षातलं वाक्य. त्याने दोनदा थांबवून विचारलं, “मुद्दाम?” मी दोनदा हो म्हणालो. माझं संपायच्या आत मित्र उठून दारापाशी गेला. तिथून म्हणाला, “झालं समाधान? आता बस एकटा.”

वहिनींनी त्याला मनगटाजवळ धरलं, भाजलेल्या जागेला धक्का लागणार नाही असं, आणि डॉक्टरकडे न्यायला रिक्षाला हात केला. मीही उठलो.

“तुम्ही नाही,” हवालदार म्हणाला. “तुम्ही बसा.”

मी बसलो.