अंजनीची फांदी

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला माझं सगळं ठाऊक आहे असा तिचा समज आहे. आज का लिहिते? मन हलकं व्हावं म्हणून नाही. खरं सांगायचं तर ते कधी फार जड झालंच नव्हतं — मी जेवत होते, झोपत होते, शाळा चालवत होते. तेच तर सांगायचं आहे.

भोर संस्थानात, आंबवड्याच्या वरच्या अंगाला एक डोंगरी गाव आहे. नाव लिहीत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथं मी मुलींची शाळा चालवत असे. शाळेच्या मागे काळकाई देवीची राई होती. राईत वहाणा घालून जायचं नाही, पडलेली काटकी उचलायची नाही, कोयता तर आत न्यायचाच नाही. हे गावात कोणी कोणाला शिकवत नसे. सगळ्यांना येत होतं. राईच्या पोटात झरा होता. उन्हाळ्यात गावाला आणि वरच्या धनगरवाड्याला पाणी तेवढंच.

मला वाटलं, मुलींना पुस्तकातली झाडं शिकवण्यापेक्षा ही राईच शिकवावी. कल्पना चांगली होती, आजही चांगलीच वाटते. अडचण एकच — मला झाडं ओळखता येत नव्हती. ती ओळखायची ठकूबाई. वाड्यावरची धनगरीण, तिची मुलगी सुली माझ्या शाळेत येई. शाळेत धनगराची तेवढी एकच पोर. ठकूबाई पाण्याला आली की घागर उतरवायची, कडेवरचं तान्हं सुलीकडे द्यायची आणि मुलींना राईतून फिरवायची. कुठलं पान गुरांना चालतं, कुठली साल पोटदुखीला, कुठल्या वेलाखाली साप बसतो. एकदा झऱ्यापाशी म्हणाली, "भाटघरला भिंत बांधून पानी धरलंया. हितं झाडांनी धरलंया. झाडं गेली की झरा गेला." हे मी शुद्ध करून घेतलं आणि पुढं माझं म्हणून शिकवलं. पण ती चोरी किरकोळ. तिच्यासाठी मी कागद पुढं ओढलेला नाही.

मग कशासाठी? — थांबा, आधी ते हसणं सांगते.

एका सकाळी मी मुलींना एक झाड दाखवून हिरडा म्हणून सांगितलं, त्याचे गुण सांगितले, दोनदा म्हणवून घेतलं. ठकूबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "बाईंनी किंजळाचा हिरडा क्येला. आता खोकला आला की हेच चघळा, पोरींनो." मुली हसल्या. सुली सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले, पण ते मी विसरले नाही. एवढ्याशा गोष्टीनं माणूस काय काय करू शकतं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला तेव्हा नव्हतं.

चैत्रात शाळा तपासायला दिपोटी यायचे होते. त्यांना दाखवायला मी झाडापानांची वही केली होती, सगळं खाली पडलेलं गोळा करून. अंजनी तेवढी राहिली होती. अंजनी फुलते तेव्हा फांदीला अंगभर निळा रंग फासल्यासारखा दिसतो, पण खाली पडलेलं फूल तासाभरात काळं पडतं. मला ताजी डहाळी हवी होती. रविवारी दुपारी, गाव उन्हाचं घरात असताना, मी घरातला कोयता पदराआड घेऊन गेले. डहाळी हाताला येईना, म्हणून खालची फांदीच तोडायला घेतली. ती अर्धी तुटली आणि बुंध्यापर्यंत साल सोलत खाली आली. मी एक डहाळी घेतली आणि बाकीची तिथंच टाकून आले.

दुसऱ्या दिवशी गुरवानं पाहिलं आणि फांदी देवळापुढं आणून ठेवली. तिन्हीसांजेच्या आत देवळापुढं गाव जमलं. पाटलांनी मला मानानं बोलावलं — बाईंच्या खिडकीतून राई दिसते, बाई शिकल्यासवरलेल्या, खोटं कशाला सांगतील? त्यांनी विचारलं, कोणी आत शिरताना दिसलं का. नाही म्हटलं असतं तरी मी सुटले असते. कोणाचा माझ्यावर संशय नव्हता. हे नीट वाचा. मला नाव घ्यायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "धनगरवाड्याची ठकू. हातात कोयता होता."

तिला बोलावून आणलं. ती घाबरली नाही. फांदी पाहून म्हणाली, "म्या तोडली असती तर साल सोलली नसती. आदी खालनं घाव घालत्यात, मग वरनं. ह्यो हात शिकल्याला न्हाई, पाटील." पाटलांनी फांदी उलटून पाहिली. शेतकरी माणूस, त्यांना कळलं. दोघंतिघं पुढं वाकून घाव पाहू लागले. माझ्या तळव्याला फोड आले होते. मी हात पदरात घेतला. आणि म्हणाले, "चोर घाईत असला म्हणजे खालचं-वरचं बघत नाही. का चोरी करतानाही तू मुलींना शिकवतेस तशी शिकवायला बसतेस?"

लोक हसले. मला बरं वाटलं. दुसरा शब्द नाही — बरं वाटलं.

पाऊस लागेपर्यंत वाड्याला झरा बंद, असं ठरलं. रात्र पडायच्या आधी ठकूबाई शाळेच्या दारात आली. ओरडली नाही. "बाई, तुमी दुसरं कुनी बघितलं आसंल. लांबनं चूक हुती मान्साची. सकाळी पाटलांना तेवढं सांगा. ल्हान पोर हाय माज्याकडं, नदीचं डबकं हाय समदं." तिनं मला वाट काढून दिली होती. चूक झाली म्हणायचं, एवढंच. मी म्हटलं, "माझी चूक होत नाही," आणि दार लावलं.

सुली शाळेत यायची थांबली. डोईवर घागर घेऊन ती नदीकडून वर चढताना खिडकीतून दिसे. मुली उठून पाहू लागल्या की मी पाट्यांकडे बघा म्हणे. दिपोटींना वही फार आवडली. अंजनीचं पान मी त्यांना एकट्यांना उघडून दाखवलं.

वैशाखात वाड्यावरचं ते तान्हं हगवणीनं गेलं. पाटलीणबाईंनी मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "काळकाईनं दाखवलं की न्हाई, बाई?" देव रोग धाडत नाही, घाण पाणी धाडतं, हे मी त्या मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पाटलीणबाईंना मी काय म्हटलं? म्हटलं, "दाखवलं खरं." पंधरा दिवसांत ठकूबाईनं बिऱ्हाड उचललं. कुठं गेली, मी विचारलं नाही.

मी आणखी दोन वर्षं तिथं होते. रोज सकाळी मुली राईतल्या झऱ्यावरून माझ्यासाठी दोन घागरी भरून आणीत. पाणी गार असे, आणि गोड.